हाडाच्या गाठीचा तुकडा कोणी काढावा?

हाडातील गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे तिचा तुकडा काढून, म्हणजे बायॉप्सी करून, तपासल्यावरच पक्के होते. काम वाटते किरकोळ. परंतु छेद भलत्या जागी गेला तर रोगट पेशी निरोगी स्नायूंत पसरतात आणि वाचू शकणारा पाय कापावा लागतो.

हे आकड्यांनिशी दाखविले अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद डॉ. हेन्री मॅनकिन (१९२८–२०१८) यांनी. १९७२ पासून ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अस्थिविभागाचे प्रमुख होते. रोगट हाड काढून तेथे मृत दात्याचे हाड बसविण्याचे त्यांचे कार्य प्रसिद्धच आहे. मला मात्र त्यांची १९८२ सालची पाहणी अधिक मोलाची वाटते. ३२९ रुग्णांपैकी १५ जणांचे अवयव सदोष बायॉप्सीपायी विनाकारण कापले गेले होते! विशेष उपचारकेंद्रापेक्षा, रुग्णाला पुढे पाठविणाऱ्या रुग्णालयांत असे घोटाळे तीन ते पाच पट होते. आपल्याच व्यवसायबंधूंचा असा हिशेब मांडायला धैर्य लागते.

पुढील शस्त्रक्रिया जेथे व्हायची, तेथेच तुकडा काढावा, हा त्यातून निघालेला नियम. म्हणून घरात कुणावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना आधी विचारावे, ‘पुढचे ऑपरेशन आपणच करणार ना?’

१९९६ साली ५९७ रुग्णांची तशीच पाहणी पुन्हा प्रसिद्ध झाली. चित्र फारसे पालटले नव्हते. १८ जणांचे अवयव विनाकारण गेले होते.