ओटीपोट दुखतंय? अंगावर काढू नकोस, पोरी

पाळी चुकून पुरते पंधरा दिवस होत नाहीत, तोच ओटीपोटात ओढ लागते. कधी जांघेत बारीक कळ, कधी पाळी येणार असल्यासारखी कंबर भरून येते. मग लघवीला गेलं की आधी कपड्यावर डाग आहे का ते बघायचं, आणि रात्री कूस बदलताना कळ आली की जीव मुठीत धरून पडून राहायचं. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून नोकरी करताना अशा कितीतरी जणी माझ्यासमोर बसल्या. पदराआड पोटावर हात, आणि तोंडानं मात्र "काही नाही सिस्टर, सहजच आले." त्यांना जे सांगत आले तेच तुला सांगते. यातलं काही पुस्तकातलं आहे, आणि काही माझ्या सासूबाईंनी व आमच्या जुन्या सिस्टरांनी मला दिलेलं आहे.

दोन माणसांना तरी सांग

तीन महिने झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. गावाला सांगू नकोस, हरकत नाही. पण नवऱ्याला आणि आई, जाऊ, बहीण यांपैकी एकीला आजच सांग. रात्री दोन वाजता हाक मारली तर उठून येईल, असं माणूस हवं. शिवाय बारा आठवड्यांच्या आत आशाताईकडे किंवा दवाखान्यात नाव नोंदव. नाव नोंदवलेलं असलं की अडीअडचणीला कुठे जायचं हा प्रश्न उरत नाही.

दुखतं कशानं, ते माहीत असू दे

गर्भपिशवी वाढायला लागते आणि तिला धरून ठेवणारे बंध ताणले जातात, म्हणून ओढ लागते. बाराव्या आठवड्याच्या सुमारास ती ओटीपोटाच्या हाडाच्या वर येऊन जेमतेम हाताला लागते. तोवर हे काम आत चालूच असतं. या दिवसांत शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढतं, त्यानं आतडी मंदावतात. मग पोट साफ होत नाही, गॅस धरतो आणि तोही खालीच दुखतो. ज्या अंडाशयातून बीज सुटलं तिथे कधी पाण्याची छोटी गाठ राहते, तिच्यामुळे एका बाजूला दुखतं. ती बहुधा आपोआप विरते.

अशी दुखणी येतात, जातात, विसावा घेतला की उतरतात. लघवी तुंबली असेल तर ती करून आल्यावरही पुष्कळदा बरं वाटतं.

या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही

हे मात्र पाठ कर आणि नवऱ्याकडूनही पाठ करून घे. एका बाजूला सतत किंवा वाढत जाणारं दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर, अंधारी, दरदरून घाम, अंगावरून लाल जाणं, ताप, किंवा दोन पायांवर उभं राहू न देणारी कळ. यातलं एक जरी असलं, तरी सकाळची वाट बघू नका.

शंभरातल्या एक-दोन जणींच्या बाबतीत गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजतो. नळी फुटली तर पोटात रक्त साठतं आणि जिवावर बेततं. अशा वेळी बाहेर रक्त फार दिसेलच असं नाही, म्हणून "अंगावर जात नाही ना, मग ठीक आहे" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नकोस. सोनोग्राफी होऊन गर्भ पिशवीतच आहे हे कळलेलं नसेल, तर एका बाजूचं दुखणं गाठीचं म्हणून घरी बसून काढायचं नाही. 108 ला फोन कर. गरोदर बाईसाठी 102 ची गाडीही फुकट मिळते.

लघवीला जळजळ होत असेल, वरचेवर थोडी थोडी होत असेल, तर उन्हाळी लागली म्हणून नुसतं धण्याचं पाणी पीत बसू नकोस. लघवीची तपासणी करून घे. जंतुसंसर्ग असला तर गरोदरपणात चालणारी औषधं असतात. आणि तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर थोडासा डाग लागला तरी डॉक्टरांना ते आधी सांग, कधी कधी त्यासाठी इंजेक्शन द्यावं लागतं.

एक वही उशाशी ठेव

दुखलं की चार गोष्टी लिही: कधी दुखलं, नेमकं कुठे, किती वेळ, आणि कशानं थांबलं. "मंगळवार, दुपार, उजवी जांघ, बादली उचलल्यावर, दहा मिनिटं, आडवी झाल्यावर गेलं." एवढंच. डॉक्टरांपुढे बसलं की "सारखं दुखतं" एवढंच तोंडातून निघतं आणि त्यावरून त्यांनाही काही उमगत नाही. वही उघडली की त्यांना दुखण्याची चाल कळते. तुलाही दिसतं की सारखं वाटत होतं ते दिवसातून दोनदाच येतं. मनातली भीती कागदावर उतरली की तिला तोंड देता येतं.

घरात काय करायचं

अंथरुणातून ताडकन उठू नकोस. आधी दोन्ही गुडघे जुळवून कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग हाताचा रेटा देऊन उठ. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घे. सलवार, साया बसून घाल. थोरलं मूल सारखं एकाच कडेवर घेऊ नकोस, खाली बसून त्याला मांडीवर ओढ.

पाणी भरपूर पी. भाकरी, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका खा, म्हणजे पोट साफ राहील. एरंडेल मात्र घेऊ नकोस. पोट चोळून घेऊ नकोस, ओटीपोटावर कडक शेक नको. कंबर भरून आली असेल तर कोमट पाण्याची पिशवी कंबरेला चालते. पाळीत घ्यायचीस ती गोळी डब्यात असेल, ती उचलून नवऱ्याकडे दे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या नकोत, पॅरासिटामॉलही विचारूनच घे.

सोनोग्राफीला घाबरू नकोस

सुरुवातीच्या आठवड्यांत खालून सोनोग्राफी करतात. त्यानं गर्भाला धक्का बसत नाही. सहा-सात आठवड्यांच्या सुमारास हृदयाचे ठोके दिसतात. त्याआधी गेलीस आणि ठोके दिसले नाहीत, तर लगेच हाय खाऊ नकोस. पाळी मागेपुढे असली की दिवसही मागेपुढे होतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघतात.

दोष स्वतःकडे घेऊ नकोस

जिना चढले म्हणून, स्कूटरवर बसले म्हणून, भांडण झालं म्हणून काही होईल का, हे मला फार जणींनी विचारलं आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ टिकत नाही तेव्हा निम्म्या वेळा तरी त्याच्या गुणसूत्रांतच दोष असतो. ते बाईच्या हातात नसतं. नुसतं पडून राहिल्यानंही ते टळत नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर खाटेला खिळू नकोस. आधी एकदा असं झालेलं असेल तर भीती जास्त वाटणारच. तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग.

रात्री भीती दाटली तर

मोबाइल बाजूला ठेव. आधी वरच्या खुणा मनात मोज. एकही नसेल तर लघवीला जाऊन ये, घोटभर पाणी पी, कुशीवर पड आणि सावकाश श्वास सोड. अर्ध्या-पाऊण तासात दुखणं उतरलं तर वहीत लिही आणि झोप. वाढलं तर शेजारच्या माणसाला हलवून उठव, त्याची झोपमोड होईल याचा विचार करू नकोस. दिवसचे दिवस झोप लागत नसेल, घास उतरत नसेल, रडू आवरत नसेल, तर तेही दुखणंच समज आणि डॉक्टरांना सांग. टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

घरच्यांना माझं एक सांगणं आहे. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही" हे वाक्य तोंडावर येईल तेव्हा ते गिळा आणि "कुठे दुखतंय?" एवढं विचारा.

आणि पोरी, दहा वेळा दवाखान्यात जाऊन दहाही वेळा "सगळं ठीक आहे" ऐकून आलीस, तरी तुझी एकही फेरी वाया गेली नाही. जी विचारते तिला कुणी हसत नाही आणि हसलं तर दवाखाना बदल. पण दुखणं अंगावर काढू नकोस.