पावागडची दुसरी वाट

पावागड पाहिला नाही असा बडोद्यातील विद्यार्थी विरळाच. शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर सपाट प्रदेशातून एकाएकी वर उठलेला हा डोंगर म्हणजे शाळांच्या सहलींचे ठरलेले स्थान होय. परंतु ‘पाहिला’ या शब्दाचा अर्थ येथे थोडा तपासून घेणे इष्ट आहे. काही वर्षांपूर्वी आश्विनातील नवरात्रात मी नववीच्या मुलांना तेथे घेऊन गेलो. (दिवसाची निवड माझी होती, तेव्हा दोषही माझाच.) माचीपर्यंत बस, तेथे रोपवेसाठी, म्हणजे इकडच्या बोलीतील उडनखटोल्यासाठी, रांग, वर पायऱ्यांवर पुन्हा रांग, कालिकामातेचे क्षणभर दर्शन, आणि परत! पुढे सहलीवर निबंध लिहावयास सांगितला, तेव्हा एका मुलाने चार पाने भरून रांगेचेच वर्णन केले. वर्णन सरस होते. त्यात डोंगर मात्र कोठेही नव्हता.

भाविकांना बोल लावण्याचे कारण नाही. ते देवीसाठी येतात, डोंगरासाठी नव्हे. १९८६ साली रोपवे झाला, २०२२ साली मंदिर नव्या रूपात उभे राहिले, आणि वर जाणे अनेकांना सुलभ झाले. पण ही सारी गर्दी एका अरुंद धाग्यावरून चालते. त्या धाग्यापासून काहीशे पावले बाजूला गेले की डोंगर मोकळाच असतो.

म्हणून त्याच मुलांना घेऊन मार्गशीर्षात, आठवड्यातील एका साध्या दिवशी, मी पुन्हा निघालो. या वेळी बस पायथ्याशी चांपानेरलाच सोडली आणि जुन्या पाऊलवाटेने चढू लागलो. वाटेत अटक दरवाजा आणि बुढिया दरवाजा लागतात. वाहनाने माचीवर जाणाऱ्यास हा गड आहे याची जाणीवही होत नाही. पायी चढणाऱ्यास ती प्रत्येक वळणावर होते. पायाखालचा काळा दगडही पाहण्याजोगा आहे. आपल्या सह्याद्रीचा जो बेसाल्ट, तोच हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. माथ्याकडे मात्र रायोलाइट नावाचा निराळा, फिकट खडक आढळतो. रांगेत उभे राहून हा फरक कोणाच्या ध्यानात यावा?

एका वळणावर विसावलो असता मी मुलांना हुमायूनची हकीकत सांगितली. महमूद बेगड्याला हा गड घेण्यास दीर्घकाळ वेढा घालून बसावे लागले होते. १४८४ साली तो पडला. १५३५ साली हुमायून येथे आला. वेढा चालू असता त्याला रानातून बाहेर येणारी काही माणसे दिसली. गडावरील शिबंदीला धान्य व तूप विकून ती परतत होती. जेथून तूप वर जाते तेथून सैनिकही जाईल, हे त्याने ताडले. ती बाजू इतकी अवघड की तेथे पहारा ठेवण्याची गरज कोणास वाटली नव्हती. रात्री कड्यात सत्तर-ऐंशी लोखंडी मेखा ठोकण्यात आल्या. एकोणचाळीस शिपाई वर गेले, चाळिसावा बैरामखान आणि एकेचाळिसावा स्वतः बादशहा, असे ‘अकबरनामा’ सांगतो. गड पडला तो राजमार्गाने नव्हे, तूपविक्यांच्या वाटेने! मुले कड्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागली.

ते पाहून मला एक ताकीद द्यावी लागली, ती येथेही देतो. निवांत वाट म्हणजे निर्वेध वाट नव्हे. नवलखा कोठार हे घुमटांचे धान्यागार कड्याच्या अगदी काठावर आहे. तेथून खालचे खोरे पाहावे, पण काठापासून दूर उभे राहून. पावसाळ्यात ओल्या दगडावर पाय ठरत नाही. अशा वेळी मळलेली वाट सोडू नये. सोबत कोणी स्थानिक माणूस असल्यास उत्तम.

वर मौलिया पठारावर छाशिया तलावाजवळ लकुलीशाचे देवालय आहे. दहाव्या-अकराव्या शतकातील हे मंदिर गडावरील सर्वांत जुने. ज्या लकुलीशाचे जन्मस्थान परंपरेने आपल्या जवळचे कायावरोहण मानले जाते, त्याचेच हे. रोपवेचे वरचे स्थानक येथून फार दूर नाही. तरी त्या दुपारी तेथे आम्हांखेरीज कोणी नव्हते. छाशिया, दुधिया, तेलिया अशी नावे असलेले हे तलाव गडाचे प्राण होत. त्यांवाचून इतकी माणसे वेढ्यात तगली नसती. तलावाच्या काठी बसून मुलांनी शिदोऱ्या सोडल्या. रांगेचे वर्णन करणाऱ्या मुलाने विचारले, “सर, पाऊस पडला की येथून उतरणारे पाणी जाते कोठे?” मी त्याला घरी पोहोचेपर्यंत थांबावयास सांगितले.

सायंकाळी सयाजीबागेजवळ पुलावर बस आली, तेव्हा मी त्याला खिडकीतून खाली पाहावयास लावले. विश्वामित्री संथ वाहत होती. पावागडावर उगम पावून ती बडोद्यात येते, हे त्याने भूगोलात पाठ केले होते. परीक्षेत गुणही मिळवले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, निबंध पुन्हा लिहून आणू का?”