बंद असलेला डबा

आमगाव, जि. गोंदिया

चि. बाबू,

फोनवर तू “हो मामा, हो मामा” म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. परवा ताई सांगत होती, रात्री दीडला तुझ्या खोलीतून धप्प आवाज आला. ती धावली, तर तू भिंतीला टेकून हात चोळत बसलेला. वर तिलाच म्हणालास, “काही नाही, बंद होता.”

बंद होता, याचीच मला भीती वाटते रे.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा प्लग काढला, दिवा विझला, तरी आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट तसेच दबा धरून बसतात. ते उतरवायला लावलेला रेझिस्टर तुटका असेल, तर बराच वेळ. पुस्तकं वाचून डबा बांधलास, कौतुक आहे. मग एवढंच पान कसं सुटलं?

आणि उघडलास कशासाठी, तेही कळलं. आवाज पुरत नाही म्हणून ट्रान्सफॉर्मर बदलून व्होल्टेज वाढवायचं आहे म्हणे. गाढवपणा आहे हा. ईएल ८४ व्हॉल्व्हच्या प्लेटची मर्यादाच ३०० व्होल्ट. पुढे रेटलीस तर ती लाल होऊन मरेल. आणि समज, वॅट दुप्पट झाले, तरी वाढणार ३ डेसिबल. शेजारचा झोपेतून उठणारसुद्धा नाही. दोष डब्याचा नाही, तुझ्या त्या बुटक्या स्पीकरांचा आहे. १ वॅट दिला तर १ मीटरवर ते ८५ डेसिबल देतात. ९५ देणारे जोड, तुझे ५ वॅट ५० वॅटांसारखे बोलतील. डब्यात हात घालायची गरजच नाही!

मंडईच्या जत्रेतला दंडारीचा खेळ आठव. माझ्या तरुणपणी आमच्याकडचा ॲम्प आजच्या मानाने चिमणीएवढा होता, पण झाडाला भोंगा बांधला की पलीकडच्या गावाला कळायचं, खेळ सुरू झाला. भोंगा ताकद वाढवत नाही, वाया जाऊ देत नाही. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्शने १९४६ मध्ये हेच घरात आणलं. त्याचा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात बसतो आणि दोन्ही भिंती भोंग्याचा पुढचा भाग होतात. १ वॅटला शंभराच्या वर डेसिबल! फुकट मात्र काही नसतं. कागद हलका, चुंबक दांडगं असा स्पीकर थोड्या वॅटांत गरजतो, पण खर्ज हवा तर खोका कपाटाएवढा लागतो. ताईला आधी विचार. ८ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्याच टोकाला जोड, आणि स्पीकर न जोडता गाणं कधी लावू नकोस. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

पण हे सगळं नंतर. आधी तो कपॅसिटर.

भाऊजींचं उजव्या हाताचं मधलं बोट वाकत नाही. धानाच्या मशीनमध्ये गेलं, असं तू लहानपणापासून ऐकलंस. मशीनमध्ये नाही गेलं. ताईच्या लग्नानंतरची पहिली मंडई होती, ऐन खेळात ॲम्प घुरघुरायला लागला. मी स्विच पाडला आणि भाऊजींना म्हणालो, “बंद आहे, घाला हात.” झटक्यापेक्षा झटक्याने मागे ओढलेल्या हाताने घात केला; डब्याच्या पत्र्याने शीर कापली. मशीनची गोष्ट त्यांनीच रचली, माझ्या बाबांनी मला झोडपू नये म्हणून. मी त्यांना ती रचू दिली. आजही ते जेवायला बसले की माझी नजर त्या हातावर जाते.

म्हणून ओरडलो. रागावू नकोस.

१० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घे, दोन्ही टोकांना चांगल्या वेष्टनाची वायर लाव. प्लग काढल्यावर कपॅसिटरच्या दोन टोकांना दहा सेकंद धर. मग मीटर लाव. शून्य दिसल्यावरच हात, तोही एकच, दुसरा खिशात. झोप आली असेल तर उघडूच नकोस.

त्यापेक्षा मी येईपर्यंत प्लग काढून ठेव ना. माझ्या माळ्यावर १२ इंची दोन स्पीकर आहेत, जुन्या धोतरात गुंडाळलेले. उंदरांनी कागद सोडला असेल तर ते तुझेच. विकायला कधी मन झालं नाही, लावायलाही नाही. धानाची चुरणी आटोपली की सकाळच्या गाडीने घेऊन येतो. खोके आपण तिथेच सुताराकडून करून घेऊ.

त्या दिवशी भाऊजींना खोलीत बसवून ठेव. त्यांच्यादेखत मला तो डबा उघडायचा आहे, आणि मीटर त्यांच्याच हातात द्यायचं आहे.

हात दुखतो का अजून? ताईला नको सांगू, मला सांग.

तुझा,
मामा