आधी राज्याचा कर, मग फॉर्म ९४०

अमेरिकेत तुमचं छोटं दुकान, डब्यांचा व्यवसाय किंवा क्लास आहे आणि पगारावर दोन-चार माणसं आहेत? मग बेरोजगारी विम्याचा फेडरल कर, म्हणजे फ्यूटा, तुम्हाला भरायचा असतो. प्रत्येक माणसाच्या वर्षातल्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ६ टक्के, म्हणजे ४२० डॉलर. राज्याचा बेरोजगारी कर पूर्ण आणि वेळेवर भरलात की त्यातले ५.४ टक्के सुटतात आणि उरतात ४२. कर या ४२ वरच ठेवायचाय. पगाराचं रजिस्टर आणि कॅल्क्युलेटर घ्या, सुरू करू.

१. कर लागू होतो का ते बघा. यंदा किंवा गेल्या वर्षी एखाद्या तिमाहीत १,५०० डॉलर किंवा जास्त पगार दिला असेल, किंवा २० वेगवेगळ्या आठवड्यांत निदान एक माणूस दिवसातला थोडा वेळ का होईना कामावर असेल, तर लागू होतो. आठवडे सलग असावे लागत नाहीत, हे विसरू नका.

२. यादीतून घरची माणसं काढा. धंदा फक्त तुमच्या एकट्याच्या मालकीचा असेल तर नवरा किंवा बायको, आई-वडील आणि २१ वर्षांखालची मुलं यांच्या पगारावर फ्यूटा नाही. सावधान: धंदा कॉर्पोरेशन असेल तर ही सूट मिळत नाही.

३. राज्याच्या खात्यात मालक म्हणून नोंदणी करा. फेडरल ईआयएन, म्हणजे मालकाचा ओळख क्रमांक, असला तरी राज्याचा नंबर वेगळा लागतो.

४. राज्याकडून येणारं दरपत्रक ओळ न् ओळ वाचा. तुमच्याकडून गेलेल्या माणसांनी किती बेरोजगारी भत्ता घेतला, त्यावर तुमचा दर चढतो-उतरतो. तुमच्याकडे कधी नसलेल्या माणसाचा भत्ता तुमच्या खात्यावर दिसला तर मुदतीत लेखी हरकत घ्या. कुणाच्या दाव्याची नोटीस आली तर तिलाही मुदतीत उत्तर द्या. मुदती छोट्या असतात, पत्र टेबलावर पडू देऊ नका.

५. राज्याचा तिमाही कर तारखेच्या आत भरा. सगळी सवलत इथे ठरते, म्हणून इथे जरा थांबा. किती पगारावर कर, हे प्रत्येक राज्याचं वेगळं: कॅलिफोर्नियात ७,००० डॉलर, न्यू जर्सीत ४० हजारांच्याही वर. न्यू जर्सीत थोडा वाटा कामगाराच्या पगारातूनही कापायचा असतो. फ्यूटा मात्र पूर्ण तुमचाच, त्यातला एक सेंटही पगारातून कापू नका. राज्याचे पैसे फॉर्म ९४० च्या, म्हणजे फ्यूटाच्या वार्षिक विवरणपत्राच्या, मुदतीनंतर भरले तर त्या रकमेवर ९० टक्केच सवलत धरतात.

६. तिमाही संपली की फ्यूटाही मोजा. साठलेली रक्कम ५०० डॉलरच्या वर गेली तर पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत ऑनलाइन जमा करा. कमी असेल तर पुढच्या तिमाहीत ओढा.

७. वर्ष संपलं की फॉर्म ९४० च्या ओळ ३ वर सगळ्यांना दिलेली एकूण रक्कम लिहा. समजा दोघांना तीस-तीस हजार आणि शनिवार-रविवारच्या मदतनिसाला ४,०००: एकूण ६४,०००.

८. ओळ ४ वर करमुक्त रकमा लिहा, जसा तुम्ही भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता. आपल्या उदाहरणात शून्य.

९. ओळ ५ वर प्रत्येकाचा ७,००० च्या वरचा भाग लिहा: २३,००० आणि २३,०००, मिळून ४६,०००. एकाच जागेवर वर्षात तीन माणसं बदलली तर तिघांचे ७,००० वेगवेगळे धरायचे. माणूस टिकवला की हाही पैसा वाचतो!

१०. ओळ ४ आणि ५ ची बेरीज ओळ ३ मधून वजा करा. १८,००० उरले.

११. त्याला ०.००६ ने गुणा. १०८ डॉलर. सवलत नसती तर १,०८० झाले असते.

१२. बेरोजगारी भत्त्यासाठी घेतलेल्या फेडरल कर्जाची थकबाकी तुमच्या राज्यावर आहे का ते फॉर्म ९४० च्या शेड्यूल ए वर बघा. असेल तर सवलत कापतात. २०२४ साली कॅलिफोर्नियात ०.९ टक्का कापला, म्हणजे माणशी ६३ डॉलर जास्त. तुम्ही सगळं वेळेवर भरलं असलं तरी हे द्यावंच लागतं, त्याची तजवीज आधीच करून ठेवा.

१३. ३१ जानेवारीपर्यंत फॉर्म पाठवा. सगळे हप्ते वेळेवर जमा केले असतील तर १० फेब्रुवारीपर्यंत चालतं.

१४. फ्यूटा आणि तुमचा राज्य-कर धंद्याचा खर्च म्हणून दाखवा. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर शेड्यूल सी, ओळ २३. कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा इथे लिहू नका, तो पगाराच्या खर्चात आधीच आलेला असतो.

१५. फॉर्म आणि पावत्या निदान चार वर्षं एकाच फाइलीत ठेवा.