ओव्याचें तेल आणि पट्टकृमि

खेड्यांत जंतांचें औषध विचारावयाचें झालें म्हणजे मनुष्य प्रथम दवाखान्यांत जात नाहीं. तो शेजारणीस विचारतो, मग मास्तरांस किंवा उपदेशकांस विचारतो, आणि बहुधा त्यास ओवा, वावडिंग, डाळिंबाची साल ह्यांपैकीं कांहीं तरी सांगण्यांत येतें. हा सल्ला अगदींच निराधार आहे असें नाहीं. परंतु ज्यांस असे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांस ह्या औषधांचें बळ किती व त्यांची मर्यादा कोठें, हें ठाऊक असलें पाहिजे. कारण ह्या बाबतींत चुकीच्या समाधानाची किंमत कधीं कधीं घरांतील दुसऱ्याच कोणास द्यावी लागते.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. जंत हें एकाच प्राण्याचें नांव नव्हे. गांडुळासारखा गोल जंत निराळा, आंतड्यास चावून रक्त पिणारा बारीक अंकुशकृमि निराळा, आणि फितीसारखा चपटा पट्टकृमि निराळा. आपला विषय हा शेवटला होय. त्याचें डोकें टांचणीच्या माथ्याएवढें असतें, व त्या डोक्यानें तो लहान आंतड्याच्या भिंतीस घट्ट चिकटून राहतो. मानेपासून एकामागून एक पेरें फुटत जातात. अशा शेंकडों पेरांची ही माळ, डुकराच्या मांसापासून होणाऱ्या जातींत दोन तीन मीटर, व गोमांसापासून होणाऱ्या जातींत चार ते दहा मीटरपर्यंत वाढते. शेवटचीं पिकलेलीं पेरें तुटून शौचावाटें पडतात. भोपळ्याच्या बियांसारखे पांढरे तुकडे दिसले असें लोक सांगतात, तीं हींच. ह्या प्राण्यास तोंड नाहीं व पोटहि नाहीं. आपण खाल्लेल्या अन्नाचा रस तो सर्वांगाच्या त्वचेनें शोषून घेतो. आणखी एक गोष्ट अशी कीं, सगळी माळ तुटून पडली, पण डोकें आंत राहिलें, तर दोन तीन महिन्यांत नवी माळ तयार होते.

केवळ पोटदुखी व अशक्तता एवढ्यावरच हें भागतें, तर एवढें लिहिण्याचें कारण नव्हतें. डुकराच्या मांसांतून येणाऱ्या पट्टकृमीचें दुसरें रूप फार घातक आहे. त्याच्या एकेका पेरांत हजारों अंडीं असतात. तीं उघड्यावर पडलीं व डुकरानें खाल्लीं म्हणजे डुकराच्या मांसांत साबुदाण्यासारखे पांढरे फोड होतात. तें मांस अर्धेंकच्चें खाणाऱ्याच्या पोटांत त्या फोडापासून पट्टकृमि होतो. हा संबंध क्यूखेनमायस्टर नामक जर्मन डॉक्टरानें १८५५ सालीं दाखवून दिला. त्यासाठीं त्यानें देहांताची शिक्षा झालेल्या कैद्यास असे फोड खावयास घातले, व शिक्षा अमलांत आल्यावर त्याचीं आंतडीं तपासलीं. (ज्ञान खरें, परंतु तें मिळविण्याची ही रीत कोणाहि सहृदय मनुष्यास रुचणार नाहीं.) आतां तींच अंडीं डुकराऐवजीं माणसाच्या पोटांत गेलीं, घाणेरड्या हातांवाटें, पाण्यावाटें किंवा मैला पडलेल्या मळ्यांतील कच्च्या भाजीवाटें, तर ते फोड माणसाच्या अंगांत होतात, आणि मेंदूंत झाले म्हणजे आंकडी येऊं लागते. जेथें माणसें व मोकाट डुकरें जवळजवळ राहतात अशा कित्येक प्रदेशांत फेपऱ्याच्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें ३० जणांचें कारण हेंच असतें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यानें जन्मांत मांसास स्पर्श केला नाहीं त्यासहि हें होऊं शकतें. म्हणून डुकरें पाळणाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं, डुकरास तीं अंडीं माणसाच्या विष्ठेंतूनच मिळालीं हें आठवावें. आणि अंगांत आलें, बाहेरची बाधा झाली, असें म्हणून ज्या मुलास छड्या बसतात, त्याच्या मेंदूंत कदाचित् असा एखादा फोड असेल, हेंहि आठवावें.

आतां ओव्याकडे वळूं. ओवा तळहातावर चोळला असतां जो उग्र वास सुटतो, तो त्यांतील उडून जाणाऱ्या तेलाचा. तिळाचें किंवा करडईचें तेल कागदावर पडलें तर डाग राहतो. ओव्याचें, निलगिरीचें किंवा लवंगेचें तेल पडलें तर तें कांहीं वेळानें उडून जातें. अशीं सुगंधी तेलें घाण्यांत निघत नाहींत; बिया किंवा पाला वाफेवर तापवून ती वाफ थंड करावी लागते. १०० किलो ओव्यापासून २ ते ४ किलो तेल मिळतें, व त्याचा जवळजवळ अर्धा भाग थायमॉल नांवाचा पदार्थ असतो. त्याचेच खडे बाजारांत ओव्याचें फूल म्हणून विकतात. हा पदार्थ स्निग्ध वस्तूंत सहज मुरतो, आणि कृमीच्या त्वचेंतील स्निग्ध पडद्यांत शिरून ते बिघडवितो. ज्या प्राण्याचें सर्व खाणेंपिणें त्वचेवाटेंच चालतें, त्याच्यावर अशा तेलाचा मारा करावा ही कल्पना सयुक्तिक खरी.

पूर्वींच्या डॉक्टरांनीं ती करूनहि पाहिली, परंतु बहुधा दुसऱ्या जंतांवर. १८८० च्या सुमारास इटलींतील डॉक्टर बोत्सोलो ह्यांनीं अंकुशकृमीवर थायमॉल दिलें. पुढें १९०९ ते १९१४ ह्या काळांत अमेरिकेच्या दक्षिण भागांत रॉकफेलर ह्यांच्या पैशानें जी मोठी मोहीम चालली, तींतहि तेंच वापरलें. त्या काळीं जर्मनींतील कारखाने हिंदुस्थानांतून नेलेल्या ओव्यापासून थायमॉल काढीत असत. गुण येई, पण औषध घेणाऱ्यास सक्त ताकीद असे कीं, त्या दिवशीं तेल, तूप किंवा दारू घेऊं नये. कारण स्निग्ध पदार्थांत विरघळलेलें थायमॉल रक्तांत उतरे, व विषबाधा होऊन माणसाच्याच जिवावर बेते. म्हणून जुलाबासहि एरंडेल न देतां विलायती मीठ देत. चाकवताच्या कुळांतील एका अमेरिकन वनस्पतीचें उग्र तेल गोल जंतांवर व अंकुशकृमीवर फार चाले. त्यानेंहि मृत्यु घडले व तें मागें पडलें. खुद्द पट्टकृमीसाठीं १९ व्या शतकाच्या आरंभीं टर्पेंटाइन, म्हणजे चीड वृक्षाच्या राळेचें तेल, औंसाऔंसानें पाजीत. त्यानें कित्येकांच्या लघवींतून रक्त जात असे.

येथें थोडें गणित करणें उपयोगाचें आहे. चहाचा एक चमचा ओवा सुमारें २ ग्रॅम भरतो. त्यांत तेल सुमारें ६० मिलिग्रॅम, व त्यांतील थायमॉल सुमारें ३० मिलिग्रॅम. अंकुशकृमीसाठीं मोठ्या माणसास पूर्वीं जें थायमॉल देत, तें सुमारें ४ ग्रॅम असे, म्हणजे शंभराहून अधिक चमच्यांतील! तेव्हां स्वयंपाकघरांतील चिमूटभर ओव्यानें पोटांतील वायु सरेल, तोंडास रुचि येईल, अपाय बहुधा कांहीं होणार नाहीं. परंतु पट्टकृमीस त्याची वार्ताहि लागणार नाहीं. आणि ज्या मात्रेंत तो पदार्थ कृमीस भारी होतो, त्या मात्रेंत तो लेंकरासहि भारी होतो. ओव्याच्या तेलाची किंवा फुलाची बाटली आणून अंदाजानें मुलास पाजणें हें औषध नव्हे.

पट्टकृमीवर ज्या वनस्पति खरोखर चालत, त्यांचें बळ बहुतेक सुगंधी तेलांत नव्हतेंच, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. फ्रान्सचा राजा सोळावा लुई ह्यानें १७७५ सालीं नूफर नांवाच्या एका विधवेचें गुप्त औषध मोठी रक्कम देऊन घेतलें व प्रसिद्ध केलें. तें नेचाच्या एका जातीच्या मुळाचें चूर्ण निघालें. इथिओपियांत कोसो वृक्षाचीं फुलें देत. आपल्या देशांत डाळिंबाच्या मुळाची साल देत, व तिचा येथील उपयोग पाहून युरोपांतील डॉक्टरांनीं १९ व्या शतकाच्या आरंभीं ती पुन्हां हातीं धरिली; १८७८ सालीं टानरे ह्या फ्रेंच रसायनज्ञानें तींतील गुणकारी द्रव्य वेगळें काढलें. म्हणजे आपल्या आजीबाईंची साल खोटी नव्हती. पण ह्या औषधांनीं कृमि गुंगून त्याची पकड सुटे एवढेंच. मग जुलाब देऊन तो काढावा लागे, आणि मळ धुऊन त्यांत तें टांचणीएवढें डोकें शोधीत बसावें लागे. नेचाच्या अर्कानें कित्येकांची दृष्टि गेली. डाळिंबाच्या सालीनें भोंवळ व ओकारी येई.

मग आजचे शास्त्रज्ञ सुगंधी तेलांकडे पुन्हां कां वळले आहेत? त्याचें एक कारण निराळाच पट्टकृमि आहे. तो कुत्र्याच्या आंतड्यांत राहतो, लांबी अवघी कांहीं मिलिमीटर. त्याचीं अंडीं मेंढराच्या किंवा माणसाच्या पोटांत गेलीं म्हणजे यकृतांत व फुप्फुसांत पाण्यानें भरलेल्या मोठ्या गांठी होतात. मेंढपाळांच्या देशांत हा रोग विशेष. शस्त्रक्रिया करितांना गांठ फुटून आंतील बीजरूप डोकीं सांडलीं, तर नव्या गांठी उठतात. म्हणून तीं जागच्या जागीं मारणारें द्रव्य सर्जनांस हवें असतें. २००८ सालीं अर्जेंटिनांतील संशोधकांनीं अशा बीजांवर थायमॉलचा परिणाम होतो असें दाखविलें, व इराणांत ओव्यासारख्याच वासाच्या झातारिया वनस्पतीच्या तेलानें तीं मेलेलीं आढळलीं. परंतु हें सर्व कांचेच्या बशींत झालें. बशींत तेल कृमीस वाटेल तितका वेळ भिडून राहतें; पोटांत गेलेलें तेल वरच्या वरच रक्तांत शोषलें जातें, यकृत त्याचें रूप पालटतें, व खालीं आंतड्यास चिकटलेल्या डोक्यापर्यंत त्याचा अंश पोंचतो न पोंचतो. पट्टकृमीवर माणसांस देण्याजोगें सुगंधी तेलाचें मान्य औषध अद्याप झालेलें नाहीं. पुढें होईल तर आनंदच आहे. पण तोंपर्यंत रोग्यास थांबवून ठेवूं नये.

कारण आज उत्तम औषध आहे. निक्लोसामाइड १९६० च्या सुमारास, व प्राझिक्वांटेल १९७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें. वजनाप्रमाणें घेतलेल्या प्राझिक्वांटेलच्या बहुधा एकाच मात्रेनें कृमीचे स्नायु आखडतात, त्वचा फाटते व त्याची पकड सुटते. मात्र ज्यास पूर्वीं कधीं आंकडी आली असेल किंवा ज्याचें डोकें सतत दुखत असेल, त्यानें तें डॉक्टरांस आधीं सांगितलेंच पाहिजे. मेंदूंत फोड असतांना हें औषध घेतल्यास ते सुजून झटके येऊं शकतात. २०१५ पासून सरकारतर्फे शाळांत व अंगणवाड्यांत फेब्रुवारी व ऑगस्ट महिन्यांत अल्बेंडाझोलची जी गोळी देतात, ती मुलांस अवश्य घेऊं द्यावी. पण ती मुख्यतः गोल जंत व अंकुशकृमि ह्यांसाठीं आहे. पांढरे चपटे तुकडे दिसले असतील तर त्या एका गोळीवर विसंबूं नये, तुकडा स्वच्छ बाटलींत घालून दवाखान्यांत न्यावा, व नंतर हात साबणानें धुवावे.

औषध घेतल्यावर कृमि पुष्कळदां पोटांतच विरून जातो; तेव्हां मळांत डोकें सांपडलें नाहीं म्हणून गुण आला नाहीं असें समजूं नये. तीन महिने वाट पाहावी. तेवढ्या काळांत पुन्हां तुकडे पडले नाहींत, तर डोकेंहि गेलें असें धरावयास हरकत नाहीं. पडलेच, तर पुन्हां त्याच दवाखान्यांत जावें, व शौचासाठीं संडासच वापरण्याचा नियम तोंवर घरांतील एकानेंहि मोडूं नये.