“अंगावरच वाळेल!”



भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. पण वैनगंगेचा काठ आहे. पवनीजवळ गोसीखुर्द धरणामुळे साठलेले पाणी तर समुद्रासारखेच दूरवर पसरलेले दिसते. एका ऑक्टोबरमध्ये मी व माझा एक मित्र पाठीवर पिशव्या घेऊन या काठाने पायी सहलीला निघालो. विदर्भातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो. त्या वर्षी जाता जाता त्याने आम्हांला गाठलेच! दुपारपर्यंत झड चालू होती. आम्ही नखशिखांत भिजलो; पण चालताना थंडी वाजली नाही. पाऊस थांबल्यावर मी मित्राला कपडे बदलायला सांगितले. तो म्हणाला, “राहू दे रे, अंगावरच वाळेल.”

पुढे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर आम्ही विसाव्याला बसलो. वारा सुटला होता. अर्ध्या तासात मित्राचे दात वाजू लागले. बोटांनी डब्याचे झाकण उघडेना. भौतिकीचा शिक्षक असल्याने तापमापी माझ्या पिशवीत होतीच. हवेचे तापमान २४ अंश सेल्सिअस होते. मग ही थंडी आली कोठून?

पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते, हे तुम्ही शिकला आहात. अंगावरील कपड्यातील १ ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. समजा, मित्राच्या कपड्यांत ५०० ग्रॅम पाणी होते. ते सर्व वाळण्यास लागणारी उष्णता:

५०० × ५८० = २,९०,००० कॅलरी, म्हणजे २९० किलोकॅलरी.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर तासाला सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. म्हणजे हा साडेतीन तासांच्या कमाईहून मोठा खर्च झाला! यातील काही उष्णता हवेकडून मिळते, हे खरे. पण कापड अंगाला चिकटलेले असल्याने बराचसा वाटा शरीरालाच उचलावा लागतो.

ओझे घेऊन भरभर चालताना शरीर याच्या तीन-चार पट उष्णता निर्माण करते. म्हणून चालताना आम्हांला थंडी जाणवली नाही. बसल्याबरोबर जमा घटली, खर्च मात्र चालूच राहिला; वाऱ्याने तर तो वाढवला. शिवाय कोरड्या कपड्यात अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पाणी हे हवेपेक्षा वीसपटीहून अधिक उष्णतावाहक आहे. त्यामुळे ओल्या कपड्याचा हा उपयोगही संपतो.

कुडकुडणे म्हणजे स्नायूंनी उष्णता निर्माण करण्यासाठी केलेली धडपड होय. शरीराच्या आतील तापमान नेहमी सुमारे ३७ अंश असते. ते ३५ अंशांखाली गेले की धोका सुरू होतो. माणूस अडखळत बोलतो, त्याचा विचार मंदावतो, आणि तोच सांगतो, “मला काही झाले नाही!” म्हणून अशा वेळी निर्णय सोबत्याने घ्यावा. मी मित्राचे काहीएक न ऐकता त्याचे ओले कपडे काढायला लावले, प्लॅस्टिकच्या पिशवीतील कोरडे कपडे दिले, वाऱ्याच्या आडोशाला नेले आणि वर चादर गुंडाळली. गावात पोचल्यावर गरम, गोड चहा मिळाला. तोवर त्याचे कुडकुडणे थांबले होते.

आता हे करून पहा. आपला एक शर्ट कोरडा असताना, भिजवल्यावर व घट्ट पिळल्यावर, असा तीन वेळा वजन करा. पिळून किती ग्रॅम पाणी गेले? त्याला ५८० ने गुणा. दोन मिनिटांच्या पिळण्याने किती कॅलरी वाचल्या, ते कळेल.

दुसरा प्रयोग: दोन सारख्या तापमापी घ्या. एकीच्या फुग्याभोवती ओले मलमल गुंडाळून दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. कोरड्या दिवशी व पावसाळी दिवशी दोहोंच्या तापमानांतील फरक नोंदवा. मग या प्रश्नाचे उत्तर द्या: मे महिन्यात घर गार करणारा आपला कूलर जुलैत निरुपयोगी का ठरतो?