परदेशी जावे की येथेच राहावे?

गेल्या वैशाखात आपल्या समाजातील एका कुटुंबाची डॉक्टर कन्या मजकडे सल्ल्यासाठी आली. इंदुरात एम.बी.बी.एस. करून ती अमेरिकेच्या परीक्षांची तयारी करीत होती. तिने जावे असे वडिलांना वाटत होते, राहावे असे आजोबांना. आणि दोघांनी मिळून हा वाद माझ्या गळ्यात घातला होता. "काका, तुम्ही का नाही गेलात?" हा तिचा पहिलाच प्रश्न. मला धड उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्याकडे या विषयाची चर्चा बहुधा देशप्रेम आणि कृतघ्नता या दोन शब्दांतच अडकते. मला ते मान्य नाही. अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग दक्षिणेतून माळव्यात उतरलेल्या माणसांचे आपण वंशज. घर सोडण्याची त्यांना लाज वाटली असती तर आज धार, देवास, बदनावर येथे मराठी स्मरणिका निघाली नसती!

आपल्या भाषेतील या प्रवासाची सुरुवात आनंदीबाई जोशी यांच्यापासून होते. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहाच दिवस जगले. १८८३ साली त्या फिलाडेल्फियास गेल्या, १८८६ साली एम.डी. झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-कक्षाची जागा त्यांनी स्वीकारलीही होती; परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. कोल्हापुरात एकही रुग्ण त्यांच्या हातून तपासला गेला नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : काय शिकायचे आणि कोणासाठी, हे त्यांचे जहाजात चढण्यापूर्वीच ठरलेले होते.

आजच्या तरुण डॉक्टरचे तसे नसते, कारण त्याला ओढणारी व्यवस्था फार मोठी आहे. अमेरिकेत 'जे-१' व्हिसावर शिकणाऱ्या डॉक्टरने शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे असा नियम आहे. मात्र डॉक्टरांची टंचाई असलेल्या अमेरिकन भागात तीन वर्षे सेवा केल्यास त्या नियमातून सूट मिळू शकते. म्हणजे आपल्या तालुक्यात ग्रामीण सेवेचा बॉन्ड नकोसा वाटणारा मुलगा तिकडच्या खेड्यात आनंदाने तीन वर्षे काढतो. उलट ब्रिटनने २००६ साली प्रशिक्षणाचे नियम एकाएकी बदलले, तेव्हा तेथे पोहोचलेले कितीतरी भारतीय डॉक्टर अधांतरी राहिले. फिलिपाइन्सने १९७४ पासून परदेशी नोकरीला सरकारी धोरणच बनविले. पुढे त्या देशात डॉक्टर पुन्हा परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागले. २००४ साली तेथील वैद्यकीय परवाना परीक्षेत पहिल्या आलेल्या तरुणाने आपण अमेरिकेत परिचारक म्हणून जाणार असे जाहीर केले होते. परिचारकाचे काम हलके मुळीच नव्हे. पण डॉक्टर घडविण्यावर खर्च केलेली वर्षे अशी पुसली जावीत, हे वाचून मी अस्वस्थ झालो होतो.

आता गडचिरोलीकडे वळू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. तेथे त्यांनी ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बालकाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास कोंडलेल्या बालकास श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि प्रसंगी जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे शिकविले. दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ पर्यंत २५ च्या आसपास आला. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा आम्हा बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांना, खरे सांगायचे तर मलाही, चौथी-आठवी शिकलेल्या बाईच्या हाती सिरिंज देणे पटले नव्हते. २०११ पासून देशभर 'आशा' कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जाऊन बाळाचे वजन आणि तापमान पाहते, त्याचे मूळ या कामात आहे. इंजेक्शन तेवढे तिच्याकडे दिलेले नाही. बदनावर तालुक्यातील कोणत्याही पाड्यावर जाऊन ही भेट पाहता येते. बंग दांपत्याने अमेरिकेहून आणली ती मोजण्याची आणि पडताळून पाहण्याची शिस्त, आणि तिला वीज लागत नाही.

याउलट व्हेंटिलेटरवरील सूक्ष्म कौशल्य शिकून आलेल्याला येथे काय मिळते? त्याला अखंड वीज हवी, प्राणवायू हवा, रात्रपाळीच्या अनुभवी परिचारिका हव्यात आणि रजेवर जाता यावे म्हणून दुसरा डॉक्टर हवा. मोठ्या उमेदीने परतलेला असा एक तरुण तज्ज्ञ मी जवळून पाहिला. ज्या रुग्णालयात तो रुजू झाला तेथे त्याचे यंत्र महिनोन्महिने दुरुस्तीच्या प्रतीक्षेत पडून राहिले. दोन वर्षांत तो पुन्हा गेला. त्याला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. आणि गरज तर उघडी आहे : २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत देशाचा बालमृत्युदर हजारी २८ होता, मध्य प्रदेशाचा ४३, सर्व राज्यांत सर्वाधिक.

मुलीला मी हे सारे सांगितले. कांगारू पद्धतीचा जन्म १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटरच्या तुटवड्यातून झाला, हेही सांगितले. बाराशे ग्रॅमचे बाळ रतलामला पाठविताना आईच्या छातीशी बांधण्यास मी शिकलो तो त्यामुळेच. मग तिला विचारले, तुला कोणता आजार बरा करायचा आहे? ती बराच वेळ गप्प राहिली. तिचा विचार आतापर्यंत कोणत्या शाखेत जागा मिळेल एवढ्यावरच चालला होता.

तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहूनच गेले होते. निघताना ते दिले : एम.डी.नंतर माझीही कागदपत्रे तयार होती. आई आजारी पडली, दवाखाना उघडला आणि पुढे रुग्णांनी सवड दिली नाही. त्यात त्याग कसला? ती हसली आणि आठवड्यातून एक दिवस आमच्या लसीकरणाच्या सत्रास येऊ का, असे तिने विचारले. श्रावणापासून ती येत आहे. परीक्षेचा अर्जही तिने भरला आहे.